बाळंतिणीच्या खोलीतला थर्मोस्टॅट

मयूरीला सातवा लागला तेव्हा दोन्ही घरांना मिळून एकच घोर लागला होता. मे महिन्यात, सांगलीत, बाळंतीण ठेवायची कशी? बाळंतपण पहिलं म्हणजे माहेरी होणार. माहेर सांगलीत म्हणजे उकाडा असणार. यात कुणाचं काही चालण्यासारखं नव्हतं. चालण्यासारखी एकच वस्तू होती, खोलीतला एसी. मग ज्याला जे चालवायचं होतं ते त्याने तिथेच चालवलं.

एसी तसा जुना. मयूरीचे वडील मधुअण्णा निवृत्त झाले तेव्हा मोठ्या हौसेने घेतलेला. चालू केला की हिवाळा, बंद केला की भट्टी, मधला ऋतू त्याला ठाऊक नव्हता. बाळाला असलं चालायचं नाही, असं जावयाने साताऱ्याहून जाहीर केलं. जावई म्हणजे निमिष. पुण्याच्या कंपनीचं काम तो साताऱ्यातल्या घरी बसून करतो, त्यामुळे दिवसभर इतरांच्या घरात काय असायला हवं याचा विचार करायला त्याला बऱ्यापैकी सवड मिळते. त्याने स्मार्ट थर्मोस्टॅट शोधून काढला. भिंतीवर बशीएवढी पांढरी चकती लावायची. ती खोलीतली उष्णता मोजते आणि एसीला हुकूम सोडते. हुकूम कोणता सोडायचा, ते तिला फोनवरून सांगायचं.

"बसल्या जागेवरून," निमिष म्हणाला. "साताऱ्याहूनसुद्धा."

हे सगळ्यांनी ऐकलं. मयूरीनेही ऐकलं, पण ती तेव्हा बँकेतली कामं दुसऱ्याच्या गळ्यात घालून रजेवर जायच्या गडबडीत होती. नवरा काळजी करतोय, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

डोहाळजेवणाला साताऱ्याची मंडळी सांगलीला आली, तेव्हा जेवणं उरकून सगळे थर्मोस्टॅट निवडायला निघाले. शंभर फुटी रस्त्यावरच्या त्या दुकानात साड्यांच्या दुकानात जावं तसे ते शिरले. म्हणजे जिच्यासाठी घ्यायचं तिला एका स्टुलावर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि बाकीचे काउंटरवर वाकले.

दुकानदाराने दोन नमुने मांडले. पहिल्याला पुढे दोन ठसठशीत बटणं होती, एक वाढवायचं, एक कमी करायचं. फोनवरूनही चालायचा, पण एकाच फोनवरून.

"एकाच?" मयूरीची आई मायाताई म्हणाली.

"एकाच?" मयूरीच्या सासूबाई विनोदिनीबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहून गोड हसून घेतलं. एक फोन म्हणजे कुणाचा फोन, हा प्रश्न दोघींच्याही मनात आला होता आणि दोघींनाही तो विचारायचा नव्हता. लग्नात पहिली पंगत कुणाची यावर ज्या दोन घरांचं तासभर अडलं होतं, त्यांचं आता एका चकतीवरून पुन्हा अडलं असतं.

दुसऱ्या नमुन्याला बटण नावाला नव्हतं. नुसता गुळगुळीत, मध्ये आकडा. पण तो आठ फोनवर चालायचा. शिवाय कुणी किती केलं ते नावासकट प्रत्येकाला कळायचं.

"हा उत्तम," विनोदिनीबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं लक्ष राहील."

"मला तो बटणांचा बरा वाटतोय," मयूरी स्टुलावरून म्हणाली. "उठलं, दाबलं, झालं."

"तू बस गं. उभी राहू नकोस," तिघेजण एकदम म्हणाले. तिच्या मताला मिळालेलं उत्तर ते एवढंच.

चकती भिंतीवर चढली आणि मग फोन जोडायचा कार्यक्रम झाला. हे काम निमिषने हौसेने अंगावर घेतलं. पहिला त्याचा स्वतःचा फोन, कारण मालक म्हणून एकाचं नाव लागतं. मग त्याच्या आईचा. मग पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीचा, भार्गवीचा, कारण आत्या ती आत्या. मग मायाताईचा आणि मधुअण्णांचा. इथे मधुअण्णांनी मनातल्या मनात हिशेब केला. साताऱ्याकडचे तीन, सांगलीकडचे दोन. त्यांना ते बरं दिसेना. त्यांनी पलूसला द्राक्षबागेत असलेल्या मेव्हण्याचं, ऋषिराजमामाचं नाव सुचवलं. मामाला कुणी विचारलं नाही, नंबर तेवढा घातला. तीनास तीन झाले. पुढे बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या हरणाबाईंचा फोनही आत गेला, कारण आंघोळीच्या वेळी गार वारा नको, ते त्यांनाच कळणार.

मयूरीचा नंबर कुणी घातला नाही. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच वाईट. बाळंतिणीने सव्वा महिना फोनकडे बघायचं नाही, डोळे कमजोर होतात, असा मायाताईच्या घरचा नेम. जिच्या हाती फोनच नाही तिला ॲप देऊन करायचं काय? एसीचा जुना रिमोटही अण्णांनी कपाटात ठेवला आणि त्याच्या बॅटऱ्या काढून भिंतीवरच्या घड्याळात घातल्या. दोन ठिकाणांहून हुकूम गेले की यंत्र गोंधळतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. सात ठिकाणांबद्दल तो काही बोलला नव्हता.

मुलगी झाली. दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी मयूरीला सांगितलं, खोली सव्वीसच्या आसपास ठेवा, वारा थेट बाळावर नको, फार गुंडाळू नका. हे त्या मयूरीशी बोलल्या. बाकीचे तेव्हा बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवत होते.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी मयूरी पलंगावर उठून बसली. डोक्याला रुमाल, कानात कापूस, अंगात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. कुशीतलं बाळ कुरकुरत होतं आणि त्याची मान घामाने ओली झाली होती. भिंतीवर आकडा होता अठ्ठावीस.

"आई, जरा कमी कर ना."

मायाताईने चष्मा लावला, फोन उघडला आणि जीभ चावली. "अगं, हे विहीणबाईंनी केलंय."

"मग?"

"मग काय मग? इथे त्यांचं नाव आलंय. मी बदललं की त्यांच्या फोनवर माझं नाव जाणार, मायाताईंनी बदललं म्हणून. कसं दिसेल ते?"

"आई, तिला घाम येतोय!"

"मी पदराने वारा घालते ना."

आणि मायाताई खरोखर पलंगाशी बसून पदराने वारा घालू लागली. वर एसी, भिंतीवर स्मार्ट थर्मोस्टॅट, खाली पदर. मयूरीने अण्णांना हाक मारली. अण्णांनी आकडा पाहून कपाळाला आठी घातली.

"वरमाईचा आकडा आहे हा," ते म्हणाले. "आपण खाली कसा आणायचा? जावईबापूंना फोन करतो. त्यांनी केलं तर घरातल्या घरात राहतं."

जावईबापू मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपेपर्यंत बाळ रडून रडून झोपलं. मग निमिषने आकडा पंचवीस केला. ते साताऱ्यात विनोदिनीबाईंना कळलं, त्यांनी सत्तावीस केला. पाचगणीला भार्गवीला कळलं. तिच्याकडे त्या दिवशी ढग उतरले होते आणि ती स्वेटर घालून पेपर तपासत बसली होती. तिने बाळाच्या काळजीने पुन्हा अठ्ठावीस केला आणि खाली हृदयाचं चित्र टाकलं.

असे दिवस सुरू झाले. सांगलीत ऊन मी म्हणत होतं, आणि मयूरीच्या अंगाला किती लागतंय ते साताऱ्यात आणि पाचगणीत ठरत होतं. हरणाबाई सकाळी न्हाऊ घालायच्या आधी एसी बंद करायच्या आणि फोन पिशवीत टाकून पुढच्या घरी जायच्या. ॲपवर त्यांचं नाव असेतो मायाताई हात लावायची नाही, न जाणो त्यांनी काही विचार करून बंद ठेवला असेल.

"हरणाबाई, बंद केलेला चालू कुणी करायचा?" एका सकाळी मयूरीने विचारलं.

"आवं ताई, ध्यानातच न्हाई राह्यलं बगा," हरणाबाई तेलाचा हात पुसत म्हणाल्या. "तिकडं दुसऱ्या बाळाला त्याल लावत व्हते. मला तरी काय कळतंय त्यातलं? अण्णांनी घातलं माझ्या फोनात, म्हनून मी दाबतीया. घरी नातू बी दाबतोय कवाकवा, त्याला रंग आवडतोय."

मयूरीने डोळे मिटले. म्हणजे आता कवठेमहांकाळच्या रस्त्यावरच्या कुठल्याशा वस्तीतला एक नातूही तिच्या खोलीचं तापमान ठरवत होता, आणि तोसुद्धा रंग बघून.

संध्याकाळी तिला घटकाभर आईचा फोन मिळायचा, नवऱ्याशी बोलण्यापुरता. मायाताई शेजारी उभी असायची.

"निमिष, मला घाल त्या ॲपमध्ये."

"तुला कशाला?" निमिष अगदी प्रेमाने म्हणाला. "तू तर खोलीतच असतेस."

"म्हणूनच."

"अगं, तू आराम कर ना. गरम झालं तर सांग. आम्ही सगळे आहोत की."

"सांगू कुणाला?"

"कुणालाही सांग. आणि तुला सांगू? आठवड्याचा ग्राफ फार छान आलाय. सरासरी एकदम परफेक्ट आहे."

सरासरी! सकाळी बंद, दुपारी अठ्ठावीस, संध्याकाळी कुणाला तरी पाझर फुटला की बावीस. त्या सरासरीत साताऱ्याला बसून समाधान मानता येत होतं, पण कुशीतल्या पोरीच्या मानेवर लाल पुरळ उठलं होतं. मयूरीने फोन आईच्या हातात ठेवला. तिला एवढा राग आला होता की रडूसुद्धा येईना.

घामोळ्या व्हिडिओ कॉलवर विनोदिनीबाईंनी पाहिल्या. "पाण्याचं असेल," त्या म्हणाल्या. "सांगलीचं पाणी बाधलं असेल तिला. आमच्याकडचं पाणी कसं हलकं."

मायाताईचा चेहरा पडला. मधुअण्णा मागून वाकून म्हणाले, "विहीणबाई, कृष्णा तुमच्याकडूनच येते हो आमच्याकडे. वाटेत आम्ही काही घालत नाही तिच्यात."

साताऱ्याचा फोन लवकर बंद झाला. त्या दिवशी आकडा एकोणतीस झाला. मायाताईच्या मते तो नदीच्या बोलण्यामुळे झाला. आणि त्यामुळे तर तो बदलणं आणखीच अवघड होऊन बसलं.

"हे बघ," मायाताई मुलीला म्हणाली, "तुला तिकडे नांदायचंय. एका आकड्यासाठी वाकडं घ्यायचं नाही."

"मला नांदायचंय म्हणून हिने भाजायचं?" मयूरीने बाळाची मान उघडी करून दाखवली. मायाताई टाल्कम पावडर शोधायला गेली.

बारशाला सगळे आले. हॉलमध्ये पंखा होता, एसी नव्हता, म्हणून पाळणा मयूरीच्याच खोलीत बांधला. साताऱ्याहून निमिष आणि विनोदिनीबाई, पाचगणीहून भार्गवी, पलूसहून ऋषिराजमामा. हरणाबाई पातळ नेसून दाराशी बसल्या होत्या. शेजारच्या बायका वेगळ्याच. एवढी माणसं आत आल्यावर खोली तापली, आणि पहिल्यांदाच त्या सगळ्यांना ती अंगाला लागली.

"बाप रे," भार्गवी पदर हलवत म्हणाली. "इथे कसं राहता तुम्ही?" आणि तिने फोन काढून वीस केलं.

"वीस? बाळ आहे खोलीत!" विनोदिनीबाईंनी सत्तावीस केलं. पण त्यांच्याही कपाळावरून कुंकू ओघळायला लागलं होतं, म्हणून त्यांनीच पुन्हा बावीस केलं. निमिष म्हणाला, थांबा, मी ऑटोवर टाकतो. मायाताईच्या फोनमध्ये एकामागून एक घंटा वाजत होत्या. आता सगळे समोरच आहेत तर आपणही हात लावला तर चालेल, असं वाटून अण्णांनी भीत भीत चोवीस केलं. भिंतीवरचा आकडा वरखाली नाचत होता. एसीने दोनदा आचका दिला, शेवटी तो कुणाचंच न ऐकता बंद पडल्यासारखा गप्प झाला.

"आत्याबाई, घ्या बाळाला," कुणीतरी म्हणालं. "मुहूर्त जातोय."

भार्गवीने हात पुढे केले. मयूरी पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर. तिने बाळ दिलं नाही.

"आधी सगळ्यांनी त्या ॲपमधून निघा," ती म्हणाली.

निमिष हसला. "मयूरी, हे नंतर बघू ना. घरी गेल्यावर करतो."

"आत्ता. नाव त्याशिवाय ठेवायचं नाही."

"अगं, काय बोलतेस?" मायाताई पुटपुटली. "चारचौघांत..."

"चारचौघांतच बोलणार. चौघांनी मिळूनच भाजलंय मला." मयूरीने बाळ छातीशी धरलं. "डॉक्टरांनी मला सांगितलं, सव्वीस. मी तुम्हाला सांगितलं, रोज सांगितलं. आई म्हणते विहीणबाईंचा आकडा. अण्णा म्हणतात वरमाईचा आकडा. ताई पाचगणीत स्वेटर घालून बसतात आणि इथे अठ्ठावीस करून खाली हार्ट टाकतात. त्या हार्टचं मी काय करू ताई? हिच्या मानेला चोळू?"

भार्गवीने फोन पर्समध्ये टाकला. पुन्हा बाहेर काढला.

"आम्ही काळजीपोटीच केलं," विनोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता आणि मनापासून दुखावलेला होता. "परक्यासारखं बोलतेस तू. नातीची काळजी करू नको का आम्ही?"

"करा ना, अहो आई. मला फोन करा, विचारा, मयूरी, गरम होतंय का, गार होतंय का. एकदा तरी विचारलंत? तुम्ही भिंतीला सांगत होतात. मी त्याच भिंतीला टेकून बसले होते."

दाराशी हरणाबाई हळूच म्हणाल्या, "माझं काढा की आदी. मला नकोच हाय ते. नातू सोडत न्हाई मोबाईल."

तिथून सुरुवात झाली. निमिषने फोन काढला आणि एकेक नाव काढू लागला. ज्याचं नाव जाई त्याच्या फोनमध्ये घंटा वाजे. हरणाबाईंच्या पिशवीत वाजली. अण्णांच्या खिशात वाजली. मायाताईच्या हातात वाजली आणि तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. मग ऋषिराजमामांच्या सदऱ्यात वाजली.

"ह्यॅ? मला कवा घातलं व्हतं ह्यात?" मामांनी फोन लांब धरून वाचलं. "तरीच म्हटलं, रोज कसलं बावीस-अठ्ठावीस येतंय. मी बेदाण्याचा भाव समजून खोडत व्हतो की रं!"

शेजारच्या बायका हसल्या. मयूरी हसली नाही. भार्गवीची घंटा वाजली, मग विनोदिनीबाईंची. त्यांनी फोन पालथा घालून मांडीवर ठेवला.

"झालं," निमिष म्हणाला. "आता मी एकटाच आहे. मी तू म्हणशील तेवढं ठेवीन. प्रॉमिस."

"तूही निघ."

"मला नाही निघता येत. मी ओनर आहे."

मयूरीने त्याच्याकडे पाहिलं. "खोली माझ्या आईवडिलांची. बाळ मी जन्माला घातलं. घाम आम्हा दोघींचा. आणि ओनर तू?"

"अगं, ते नुसतं ॲपमध्ये तसं लिहिलेलं असतं..."

"मग खोडायला जड का जातंय?"

निमिषने सेटिंग उघडून पाहिलं. दुसऱ्या कुणाला मालक केल्याशिवाय पहिल्याला निघता येत नाही, आणि मालक करायला मयूरीचा फोन हवा. मायाताई कपाटापाशी गेली. साड्यांच्या घडीखालून फोन निघाला, तो साफ मेलेला. चार्जरला लावला. तो जागा होईपर्यंत अख्खं बारसं घामाघूम होऊन थांबलं. मुहूर्त गेला. कुणी म्हणालं, अजून दुसरा आहे. कुणी सरबत आणलं. विनोदिनीबाईंनी सरबत घेतलं नाही.

फोन सुरू झाला. मयूरीने रुमाल सोडून बाजूला टाकला, कानातला कापूस काढला आणि पडद्याकडे बघितलं. मायाताईने तोंड उघडलं होतं, पण डोळ्यांचं काही काढलं नाही. निमिषने दाखवलं तिथे मयूरीने बोट ठेवलं. नाव बदललं. मग तिने आकडा लावला, सव्वीस, तसा एसी पुन्हा घुरघुरू लागला; तिने त्याची झडप पाळण्यापासून दूर वळवली आणि बाळ उचलून भार्गवीच्या हातात दिलं.

"घ्या ताई. मान सांभाळून, पुरळ आहे तिथे."

भार्गवीने बाळाच्या कानात नाव सांगितलं, समीक्षा. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, नेहमीपेक्षा जरा जोरातच बसले असावेत. पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या, माणसं पंगतीकडे निघाली.

खोलीत मयूरी, पाळण्यातलं बाळ आणि विनोदिनीबाई एवढ्याच उरल्या. विनोदिनीबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. जेवायला या म्हणून मायाताई दोनदा बोलावून गेली होती. त्यांनी एकदा चकतीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि घसा खाकरला.

"मयूरी, मला जरा गार वाटतंय," त्या म्हणाल्या. ही गोष्ट विचारायची सवय नसलेल्या माणसासारख्या अडखळत म्हणाल्या. "थोडं वाढवतेस का?"

मयूरीने पाळण्यात हात घालून बाळाच्या पाठीला लावून पाहिला. पाठ कोरडी होती.

"नाही, अहो आई," ती म्हणाली. "शाल काढून देते."